पायांत किती उरलंय?

उद्या रात्री टी-ट्वेन्टी वर्ल्ड कपची फायनल आहे, त्यामुळे तुमचा टीव्ही बुक असणार हे मान्य. पण त्याच्या आधी, दुपारी, इटलीतल्या फ्लॉरेन्समधून १७६ सायकलस्वार निघतील आणि २१ जुलैला फ्रान्सच्या नीस शहरात पोहोचतील. सगळे नाही. काही जण तोवर घरी परतलेले असतील, काही हॉस्पिटलात. मधल्या तीन आठवड्यांत २१ टप्पे, साधारण साडेतीन हजार किलोमीटर आणि ५२ हजार मीटरहून जास्त चढण. म्हणजे समुद्रसपाटीपासून एव्हरेस्टच्या टोकापर्यंत जवळजवळ सहा वेळा. टूर द फ्रान्स. तुम्ही आतापर्यंत कधी बघितली नसेल, तर सुरुवात करायला हे वर्ष झकास आहे, कारण यंदा जिंकू शकतील अशी चार नावं आहेत आणि त्या चौघांपैकी एकाचीही अवस्था ‘सगळं प्लॅनप्रमाणे झालं’ अशी नाहीये.

नियम एका वाक्यात सांगतो. रोजच्या टप्प्याला लागलेला वेळ लिहून ठेवायचा, सगळ्या दिवसांची बेरीज करायची, ज्याची बेरीज सगळ्यात कमी त्याला पिवळी जर्सी. बाकी हिरवी जर्सी, ठिपक्यांची जर्सी वगैरे प्रकार बघता बघता कळतील.

आता फॉर्मबद्दल. हा शब्द आपण क्रिकेटमधून उचललाय. दोन-चार इनिंग्ज फसल्या की फॉर्म गेला, एक कव्हर ड्राइव्ह मस्त बसला की आला. म्हणजे थोडी लय, थोडं डोकं, थोडं नशीब. सायकलिंगमधला फॉर्म ही जवळजवळ जमाखर्चाची गोष्ट असते. सराव केला की दोन गोष्टी एकदम वाढतात, ताकद आणि थकवा. ताकद हळूहळू वाढते आणि हळूहळूच उतरते. थकवा मात्र चढतोही पटकन आणि विश्रांती दिली की उतरतोही पटकन. म्हणून शर्यतीच्या आधीचे काही दिवस सराव कमी करायचा, थकवा निघून जातो, ताकद अजून शिल्लक असते. ती जी फट मिळते, तिला म्हणायचं फॉर्म. ती फट काही दिवसांची असते, फार तर काही आठवड्यांची. डिसेंबरपासून घाम गाळायचा आणि ती फट बरोब्बर जुलैत उघडेल अशी व्यवस्था करायची, हे या लोकांचं खरं काम. पीएलमध्ये रात्री जागून आपण अख्खं सेमिस्टर गुंडाळतो, तसं इथे चालत नाही. शेवटच्या आठवड्यात जास्त घासलं तर उलट थकवाच घेऊन स्टार्ट लाइनवर उभं राहायचं.

एक आकडा लक्षात ठेवा, वाट प्रति किलो. लांब घाटात अव्वल रायडर अर्धा तास किंवा त्याहून जास्त वेळ शरीराच्या प्रत्येक किलोमागे सहा वाटपेक्षा जास्त ताकद पेडलवर लावतात. साठ किलोच्या माणसासाठी हे झाले ३६० वाट. जिममधल्या बाइकवर, स्क्रीनवर वाट दाखवत असतील तर, याच्या निम्मे पंधरा मिनिटं टिकवून बघा. आणि हे करताना ते खातही असतात. तासाला ९० ते १२० ग्रॅम कार्बोहायड्रेट, जेल आणि ड्रिंकमधून. कारण टाकी रिकामी झाली की मग कुठलाही फॉर्म कामाचा नाही.

तर उद्या उभे राहणाऱ्यांचा हिशेब काय? मला वाटतं तो समजून घ्यायला गेल्या वर्षीच्या एका दिवसाकडे जायला हवं.

१९ जुलै २०२३. टूरचा सतरावा टप्पा, आल्प्समधला कॉल द ला लोझ, उंची २३०४ मीटर. स्लोव्हेनियाचा ताडेय पोगाचार तोपर्यंत डेन्मार्कच्या योनास व्हिंगेगार्डला चिकटून होता. पंधरा दिवस घाट, ऊन, धक्काबुक्की झाल्यावर दोघांमध्ये फरक होता फक्त १० सेकंदांचा. आदल्या दिवशीच्या टाइम ट्रायलमध्ये, म्हणजे एकेकट्याने घड्याळाविरुद्ध सायकल मारायची त्यात, व्हिंगेगार्डने त्यात १ मिनिट ३८ सेकंदांची भर घातली. आणि मग लोझच्या चढावर पोगाचारचे पाय बंद पडले. अक्षरशः बंद. जर्सीची चेन उघडी, चेहरा पांढरा, रेडिओवर टीमला सांगतोय की मी संपलो. मी ते मोबाइलच्या छोट्या स्क्रीनवर बघत होतो आणि मला वाटलं नेटवर्क अडकलंय, इतका तो जागच्या जागी दिसत होता. त्या एका टप्प्यात जवळजवळ पावणेसहा मिनिटं गेली. शेवटी व्हिंगेगार्डने टूर ७ मिनिटं २९ सेकंदांनी जिंकली.

कारण काय होतं? एप्रिलच्या २३ तारखेला लीएज-बास्तोन-लीएज या शर्यतीत पोगाचार पडला होता आणि मनगटाचं हाड मोडलं होतं. टूरला दहा आठवडे होते. हात प्लास्टरमध्ये असताना तो घरातल्या ट्रेनरवर पेडल मारत होता, पण महिनाभराचा खरा सराव बुडाला तो बुडालाच. गंमत म्हणजे (त्याच्यासाठी गंमत नव्हे) हे पहिल्या दोन आठवड्यांत अजिबात दिसलं नाही. उलट मधल्या काही घाटांत तोच वरचढ वाटत होता. अपुऱ्या तयारीचं शरीर दोन आठवडे खोटं बोलू शकतं. तिसऱ्यात पकडलं जातं.

यंदा नेमकी जागा बदललीये.

४ एप्रिल २०२४. स्पेनच्या बास्क प्रांतातली आठवडाभराची शर्यत, चौथा टप्पा, एका उताराचं वळण. एकामागोमाग एक रायडर रस्त्याबाहेर गेले, बाजूला काँक्रीटचं गटार होतं. व्हिंगेगार्डची कॉलरबोन मोडली, बरगड्या मोडल्या, फुप्फुसाला मार बसला आणि फुप्फुसाबाहेर हवा भरली. स्ट्रेचरवर, ऑक्सिजन लावलेला, मानेला पट्टा, असे त्याचे फोटो जगभर फिरले. बारा दिवस हॉस्पिटल. त्याच अपघातात बेल्जियमच्या रेम्को एव्हेनपूलची कॉलरबोन आणि खांद्याचं हाड मोडलं. स्लोव्हेनियाचा प्रिमोझ रोग्लिचही त्यातच पडला, तो खरचटण्यावर सुटला. टूरच्या चार दावेदारांपैकी तिघं एकाच वळणावर, एकाच मिनिटात. चौथा, पोगाचार, त्या शर्यतीत नव्हताच.

व्हिंगेगार्ड कोण, हे थोडं सांगायला हवं. वय २७, वजन साठ किलोच्या आसपास, डेन्मार्कच्या उत्तरेकडच्या किनारी भागातला मुलगा. प्रोफेशनल होण्याआधी सकाळी हान्स्टहोम बंदरातल्या माशांच्या कारखान्यात काम करायचा आणि दुपारी सायकल. त्याने २०२२ आणि २०२३ अशा लागोपाठ दोन टूर जिंकल्यात. बोलतो कमी, आधीच ठरवलेलं सगळं तंतोतंत करतो. आणि या वर्षीही अपघातापर्यंत त्याचं सगळं जुळून आलं होतं. मार्चमधली इटलीतली तिरेनो-अ‍ॅड्रिआटिको त्याने सहज जिंकली होती.

आता हिशेब करा. एप्रिलच्या सुरुवातीपासून जूनच्या शेवटापर्यंत बारा आठवडे. त्यातले सुरुवातीचे काही आठवडे शून्य. मेमध्ये तो पुन्हा रस्त्यावर आला, मग आल्प्समध्ये उंचीवरचा कॅम्प. मधल्या काळात एकही शर्यत नाही. तो टूरला येणार हे टीमनेच मुळी गेल्या आठवड्यात जाहीर केलं. सराव कितीही जोरदार झाला, तरी सरावात कोणी कोपर मारत नाही, पाचव्या तासाला अचानक वेग वाढवत नाही. शिवाय २०२३ची वुएल्टा जिंकणारा त्याचा घाटातला साथीदार सेप कूस कोविडमुळे येत नाहीये आणि दुसरा मोठा आधार, वाउट व्हान आर्ट, मार्चमध्ये स्वतःच पडून बरगड्या मोडून घेऊन आता कुठे सावरतोय.

मग तो येतोच का? हा प्रश्न मला पडतो, तुम्हालाही पडू दे. गतविजेता आहे म्हणून? स्पॉन्सर आहेत म्हणून? की आपण बरे झालोय हे सिद्ध करायची दुसरी जागाच नाही म्हणून? खेळाडू दुखापतीतून परतला की आपण टाळ्या वाजवतो, इन्स्टावर त्याची रील करतो, मागे चढत जाणारं म्युझिक लावतो. पण फुप्फुस मिटल्यानंतर तिसऱ्या महिन्यात ताशी ८०-९० किलोमीटरने घाट उतरणं ही रील नाही. गेल्याच वर्षी जूनमध्ये, टूर द स्विसमध्ये, जीनो मेडर हा २६ वर्षांचा रायडर उतारावर दरीत पडला आणि गेला. हे त्या १७६ जणांपैकी प्रत्येकाला माहीत आहे. व्हिंगेगार्डला थोडं जास्त.

आता पोगाचार. त्याची अडचण बरोबर उलटी आहे. त्याचा फॉर्म आहे, इतका आहे की भीती वाटावी. मार्चमध्ये स्ट्रादे बियांके ही कच्च्या पांढऱ्या रस्त्यांवरची शर्यत त्याने ८१ किलोमीटर एकट्याने पुढे राहून जिंकली. लीएज जिंकली. आणि मेमध्ये जिरो दि’इटालिया, म्हणजे इटलीची तीन आठवड्यांची शर्यत, सहा टप्पे जिंकत ९ मिनिटं ५६ सेकंदांनी. दुसऱ्या क्रमांकाचा डॅनी मार्टिनेझ खूप मागे होता, त्याला पोगाचार बहुतेक फक्त पोडियमवर जवळून दिसला असेल.

मग अडचण काय? जिरो २६ मेला संपली आणि टूर २९ जूनला सुरू. पाच आठवडेसुद्धा नाहीत. त्यात एकदा पूर्ण थकायचं, पूर्ण विश्रांती घ्यायची, पुन्हा चढायचं आणि ती मघाची फट दुसऱ्यांदा उघडायची. जिरो आणि टूर एकाच वर्षी जिंकणारे आजवर सात जण झाले. कोप्पी, आंकेतिल, मर्क्स, इनो, रोश, इंदुराइन आणि पँटानी. शेवटचा १९९८ मध्ये. म्हणजे तुमच्यापैकी बहुतेकांच्या जन्माआधी. त्यानंतर ज्यांनी प्रयत्न केला ते सगळे टूरमध्ये गळपटले. अल्बेर्तो काँटाडोर २०१५ मध्ये जिरो जिंकून आला आणि टूरमध्ये पाचवा आला. ख्रिस फ्रूम २०१८ मध्ये जिरो जिंकून आला, त्याला तर फुटबॉल वर्ल्ड कपमुळे टूर पुढे ढकलल्याने सहा आठवडे मिळाले होते, तरी तिसरा.

पोगाचारची बाजू घ्यायची तर दोन गोष्टी आहेत. एक, त्याने या वर्षी शर्यती मुद्दाम कमी केल्या. जिरोच्या आधी फक्त १० दिवस, जिरोचे २१, एकूण ३१. दोन, फ्रूमला जिरोच्या शेवटच्या टप्प्यांत जीव काढावा लागला होता, पोगाचार मात्र जिरो बराच काळ हसत, प्रेक्षकांतल्या मुलांना बाटल्या वाटत खेळला. त्याच्या पायांतून किती गेलं हे त्यालाच माहीत. काल पत्रकार परिषदेत त्याने सहज सांगून टाकलं की दहाएक दिवसांपूर्वी त्याला कोविड झाला होता आणि आता तो बरा आहे. हे ऐकून बाकीच्या टीमच्या गाड्यांत काय चर्चा झाली असेल, ते ऐकायला मिळायला हवं होतं. फॉर्मबद्दल रायडर जे बोलतात ते अर्धं खेळच असतं. ‘पाय बरे आहेत’ याचा अर्थ काहीही होऊ शकतो. आपल्याकडे ‘काही अभ्यास झाला नाही रे’ म्हणणारा टॉपर असतो ना, तसं.

त्याची टीम मात्र काहीही लपवत नाहीये. अ‍ॅडम येट्स आणि जोआव अल्मेडा या त्याच्या दोन मदतनिसांनी याच महिन्यात टूर द स्विसमध्ये पहिला-दुसरा क्रमांक काढलाय, दोघांनी मिळून चार टप्पे. मदतनीस! दुसऱ्या कुठल्याही टीममध्ये हे कॅप्टन झाले असते.

पँटानीचं नाव निघालंच आहे, तर इथे एक थांबा. उद्याचा पहिला टप्पा रिमिनीला संपतो. २००४ मध्ये, ३४ वर्षांचा असताना, मार्को पँटानी याच रिमिनीतल्या हॉटेलच्या खोलीत एकटा मेला, कोकेनने. परवाचा टप्पा चेझेनाटिकोहून सुटतो, ते त्याचं गाव. आयोजकांनी हे विचारपूर्वक ठेवलंय, इटली त्याच्यावर अजून जीव टाकते. पण हेही लक्षात ठेवायला हवं की २०१३ मध्ये फ्रेंच सिनेटच्या अहवालात १९९८ च्या टूरचे जे नमुने पुन्हा तपासल्याचं बाहेर आलं, त्यात ईपीओ सापडलेल्यांमध्ये पँटानीचंही नाव होतं. म्हणजे ज्या विक्रमाशी पोगाचारची तुलना चाललीये, तो विक्रमच डागाळलेला. म्हणूनच या खेळात कोणी फार सहज जिंकू लागला की जुने प्रेक्षक टाळी वाजवतात आणि त्याच वेळी थोडे गप्पही होतात. पोगाचारवर कसलाही ठपका नाही. पण मागच्या पिढीने जे करून ठेवलं, त्याची किंमत या पिढीला संशयाच्या रूपात मोजावी लागते, हे बघताना जाणवत राहतं.

बाकीचे दोघं. रोग्लिच ३४ वर्षांचा आहे, आधी स्की जंपर होता, तीन वुएल्टा आणि एक जिरो त्याच्या नावावर. टूर नाही. २०२० मध्ये शेवटून दुसऱ्या दिवशी ५७ सेकंदांनी पुढे असताना एका टाइम ट्रायलमध्ये सगळं गेलं, तेही २१ वर्षांच्या पोगाचारकडे. हेल्मेट तिरकं झालेला, घामाने भिजलेला त्याचा तेव्हाचा चेहरा आठवला की आजही कसंतरी होतं. या महिन्यात त्याने दोफिने ही टूरची रंगीत तालीम समजली जाणारी शर्यत जिंकली. पण कशी? लागोपाठ दोन घाट मारले आणि शेवटच्या दिवशी मागे पडत पडत फक्त ८ सेकंदांनी वाचला. मी आशावादी माणूस आहे, पण त्या शेवटच्या चढावर तो ज्या पद्धतीने सायकलवर हलत होता, ते टूरच्या तिसऱ्या आठवड्यासाठी बरं लक्षण नव्हतं.

एव्हेनपूल २४ वर्षांचा, लहानपणी अँडरलेख्ट आणि पीएसव्हीच्या अकादमीत फुटबॉल खेळलेला, टाइम ट्रायलचा वर्ल्ड चॅम्पियन, आणि ही त्याची पहिलीच टूर. दोफिनेत त्याने टाइम ट्रायल जिंकली, डोंगर आल्यावर मागे पडून सातवा आला. यंदा टूरमध्ये दोन टाइम ट्रायल आहेत, २५ किलोमीटरची आणि ३४ किलोमीटरची, म्हणजे त्याच्यासाठी चांगलंच. पण २०२३ च्या वुएल्टात तुर्मालेवर एका दिवसात २७ मिनिटं घालवणारा हाच. पोडियम मिळाला तर त्याने पार्टी द्यावी.

आणि हो, मार्क कॅव्हेंडिश. ३९ वर्षांचा. त्याला पिवळ्या जर्सीशी काही देणंघेणं नाही. टूरमध्ये त्याचे ३४ टप्पे जिंकून झालेत, एडी मर्क्सइतकेच. एक अजून हवाय. गेल्या वर्षी रिटायर होणार होता, एका टप्प्यात थोडक्यात दुसरा आला, दुसऱ्या दिवशी पडून कॉलरबोन मोडली, मग म्हणाला अजून एक वर्ष. त्याचा फॉर्म वेगळ्याच गोष्टीत मोजायचा. सपाट टप्प्याच्या शेवटच्या २०० मीटरसाठी आधी सगळे डोंगर वेळेच्या मर्यादेत पार करायचे, नाही तर घरी. डोंगराच्या टप्प्यात पुढच्यांकडून नजर काढून सगळ्यात मागे बघा, तिथे रोज दुसरीच शर्यत चालू असते.

माझा अंदाज विचाराल तर पोगाचार. पण छातीठोकपणे नाही. शेवटचे तीन दिवस असे आखलेत की दुमडलेला माणूस उघडा पडणारच. शुक्रवारी १९ जुलैला २८०२ मीटर उंचीचा बोनेट आणि मग इसोला २०००, शनिवारी आणखी चार घाट, आणि ऑलिंपिकमुळे पॅरिस सोडून नीसला हलवलेला शेवटचा दिवस तर थेट टाइम ट्रायल. टूरचा शेवट टाइम ट्रायलने होऊन ३५ वर्षं झाली. तेव्हा, १९८९ मध्ये, ग्रेग लेमाँ ५० सेकंद मागे होता आणि ८ सेकंदांनी जिंकला. इसोलाच्या डोंगरावर पोगाचारने जिरोनंतर तळ ठोकून सराव केलाय, तो रस्ता त्याला पाठ आहे. पण पाठ असलेल्या पेपरलाही हात थकलेला असला तर लिहिता येत नाही.

तीन आठवडे थांबायचं नसेल तर मंगळवार, २ जुलै, संध्याकाळी मोकळे राहा. चौथाच टप्पा आणि थेट गॅलिबिए, २६४२ मीटर, आपल्या कळसूबाईपेक्षा जवळजवळ एक किलोमीटर उंच. टूर इतक्या लवकर इतकी वर कधी जात नाही. सगळे कॅमेरे चढावर असतील, कोण कोणाला सोडतोय, कोणाचं तोंड उघडंय. ते बघाच. पण तिथे टप्पा संपत नाही. माथ्यावरून खाली वालवार गावापर्यंत साधारण वीस किलोमीटर उतार आहे, वेगवान, वळणांचा. व्हिंगेगार्ड एप्रिलनंतर पहिल्यांदाच शर्यतीत असा उतार उतरणार. त्याच्या फुप्फुसाचे रिपोर्ट डॉक्टरांकडे आहेत, वाटचे आकडे टीमकडे आहेत. तो वळणाच्या किती आधी ब्रेकवर बोट नेतो, हे मात्र त्या दिवशी रात्री नऊच्या सुमारास तुम्हाला आणि पोगाचारला एकाच वेळी कळेल.